पावसाळ्यातील घर आणि कुत्रा

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की सुमारे ७० किलोमीटरवर पिरियापट्टण हे तालुक्याचे गाव लागते. त्याच्या पूर्वेस म्हैसूरचे कोरडे पठार आहे आणि पश्चिमेस, कावेरी ओलांडली की, कोडगूचे हिरवे डोंगर सुरू होतात. नैऋत्य मोसमी वारे हे डोंगर चढत असताना आपले बरेचसे पाणी तेथेच सांडून टाकतात. म्हणून मडिकेरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर म्हैसूर शहराच्या वाट्यास ८०० मिलिमीटरच्या आसपासच येतो. पिरियापट्टण या दोहोंच्या मध्ये वसलेले आहे. तेथे डोंगरातील मुसळधार नसते. परंतु जून-जुलैत आभाळ भरून येते आणि बारीक पावसाची झिमझिम तासन्तास चालू राहते. शेतात तंबाखूची रोपे आणि मका या पावसावर तरारतात. घरात मात्र भिंती ओलावतात, कपडे वाळत नाहीत, आणि ओसरीवर गोणपाटाच्या तुकड्यावर एक ओला कुत्रा अंगाचे वेटोळे करून पडलेला असतो.

या तालुक्यातील असे एखादे शेतकऱ्याचे घर आपण डोळ्यांपुढे आणू या. घरातील माणसे पावसाला सरावलेली आहेत. छत्री, घोंगडी, चूल ही त्यांची साधने आहेत. कुत्र्यापाशी यांपैकी काहीच नाही. तो त्याच चिखलातून अनवाणी हिंडतो, तेच साचलेले पाणी पितो, त्याच घरचे उरलेसुरले अन्न खातो आणि त्याच भिंतीच्या आडोशाला झोपतो. घरात शिरणाऱ्या ओलाव्याची बाधा माणसाला जशी होते, तशीच ती कुत्र्यालाही होते. म्हणून पावसाळ्यात कुत्र्याकडे लक्ष देणे ही केवळ भूतदया नव्हे. ती आपल्या घराच्या आरोग्याचीच देखरेख होय. हे कसे, ते पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

अंग झटकण्याचे शास्त्र

कुत्रा पावसातून आला, की उंबरठ्याशी उभा राहून सर्वप्रथम अंग झटकतो. भिंतीवर शिंतोडे उडतात आणि घरातील कोणीतरी त्याच्यावर ओरडते. वस्तुतः या एका क्रियेत यंत्रशास्त्राचा मोठा नमुना दडलेला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली उंदरापासून अस्वलापर्यंत १६ जातींच्या ३३ प्राण्यांचे अंग झटकतानाचे जलदगती चित्रण करून त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम आकाराचा कुत्रा एका सेकंदात चार ते पाच वेळा अंग इकडून तिकडे फिरवतो. इवलासा उंदीर मात्र हेच सेकंदात सुमारे तीस वेळा करतो, असे त्यांना आढळले.

लहान प्राण्यास अधिक वेग का लागावा? गोफण फिरविताना दोरी आखूड केली, तर दगड दूर फेकण्यासाठी ती अधिक वेगाने फिरवावी लागते, हे शेतावरील मुलांना ठाऊक असते. येथेही तेच तत्त्व आहे. पाण्याचा थेंब केसांना चिकटून राहतो तो पृष्ठताणामुळे. त्यास सोडविण्यासाठी बाहेर फेकणारा पुरेसा जोर हवा. अंगाचा घेर लहान असेल, तर तो जोर वेग वाढवूनच मिळतो. कुत्र्याची सैल कातडीही या कामी येते. त्याच्या पाठीचा कणा थोडासाच वळतो. कातडी मात्र त्याहून कितीतरी अधिक फिरते, आणि त्यामुळे केसांच्या टोकाशी वेग वाढतो. क्षणार्धात केसांतील सुमारे ७० टक्के पाणी अशा रीतीने उडून जाते.

ही क्रिया सुरू कशी होते, याचा उलगडा अलीकडे, २०२४ साली झाला. हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील संशोधकांनी उंदरांच्या मानेवर तेलाचा थेंब टाकून पाहिले. केसांच्या मुळांशी गुंडाळलेले अतिशय हळुवार स्पर्श टिपणारे विशिष्ट मज्जातंतू हा संदेश मेरुरज्जूकडे पोहोचवितात, आणि ते निकामी केले असता अंग झटकणे सुमारे निम्म्यावर येते, असे त्यांना दिसून आले. अर्थात कुत्रा आपल्या भिंतीवर शिंतोडे उडवितो तो खोडसाळपणाने नव्हे. तो त्याच्या शरीराचा जुना नियम आहे.

या नियमाचे मोल किती, याचा हिशेब सोपा आहे. पंचवीस किलो वजनाच्या कुत्र्याच्या केसांत अर्धा किलो पाणी सहज मावते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. अर्धा किलो पाणी अंगावरच वाळू दिले, तर सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता खर्च होईल, आणि तिचा मोठा वाटा कुत्र्याच्या शरीरातून जाईल. एवढ्या वजनाच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या आहारापैकी सुमारे पंचमांश ते चतुर्थांश भाग यात संपेल! कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिकच असते. ते टिकविण्यासाठी त्यास अन्न जाळावे लागते. तेव्हा अंग झटकून झाल्यावर उरलेले पाणी एका जुन्या पंचाने पुसून काढणे म्हणजे कुत्र्यास एक वेळचे थोडे जेवण देण्यासारखेच आहे.

निरनिराळे केस, निरनिराळी काळजी

सर्व कुत्रे सारखेच भिजत नाहीत आणि सारखेच वाळतही नाहीत. उत्तर कर्नाटकातील मुधोळचा शिकारी कुत्रा घ्या. महाराष्ट्रात याच वळणाच्या कुत्र्यास कारवानी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी या जातीची जोपासना केली, आणि भारतीय टपाल खात्याने २००५ साली काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत तिला स्थान मिळाले. दख्खनच्या कोरड्या माळरानावरील या कुत्र्याचे केस आखूड आणि अंगासरसे असतात. तो लवकर वाळतो. पण अंगावर चरबी बेताची असल्याने गारठतोही लवकर.

याच्या उलट उदाहरण तिबेटचे. पिरियापट्टण तालुक्यातच बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. उंच, थंड आणि कोरड्या प्रदेशातून आलेल्या त्या माणसांना दक्षिणेच्या पावसाशी जुळवून घ्यावे लागले. तिबेटात मूळ असलेल्या ल्हासा आप्सोसारख्या कुत्र्यांची गोष्टही तशीच आहे. त्यांचे लांब, दाट केस कोरड्या थंडीत पांघरूण होतात. दमट हवेत मात्र तेच केस ओलावा धरून ठेवतात. वरून कोरडा दिसणारा असा कुत्रा आत कातडीशी ओलाच असतो. त्याचे केस विंचरून मुळापर्यंत वाळवावे लागतात.

कोणत्याही कुत्र्याचे तीन भाग मात्र पावसाळ्यात रोज पाहिले पाहिजेत: कान, पायांच्या बोटांमधील बेचके आणि पोटाखालची कातडी. ओल राहिली, की या ठिकाणी बुरशीसारखे सूक्ष्म जीव वाढतात. लोंबत्या कानांत हवा खेळत नसल्याने तेथे हे लवकर घडते. कुत्रा वरचेवर डोके हलवू लागला, पाय सारखे चाटू लागला, तर तो खेळत आहे असे समजू नये.

ओल्या कुत्र्याच्या वासाचाही येथे उलगडा करावयास हवा. कातडीवर नेहमीच असंख्य सूक्ष्म जीव नांदत असतात. त्यांच्यापासून निर्माण होणारी गंधद्रव्ये कोरड्या केसांना चिकटून राहतात. पाणी पडताच ती सुटतात आणि वाफेबरोबर हवेत मिसळतात. हा वास कुत्रा वाळला की जातो. तो रोगाचे लक्षण नव्हे. परंतु कोरड्या कुत्र्याच्या कानातून आंबूस किंवा कुजकट वास येऊ लागला, तर पशुवैद्याकडे जाण्याची वेळ आली असे समजावे.

अंगणातील पाण्यात काय असते

आता थोड्या गंभीर विषयाकडे वळू. पावसाने उंदरांची बिळे भरली, की उंदीर घराकडे आणि गोठ्याकडे वळतात. त्यांच्या मूत्रपिंडांत लेप्टोस्पायरा नावाचे मळसूत्राच्या आकाराचे जंतू वास करतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. कोरड्या उन्हात ते लवकर मरतात; चिखलात व साचलेल्या पाण्यात मात्र ते कित्येक आठवडे तग धरू शकतात. अनवाणी पायावरील बारीकशा जखमेतून किंवा डोळे व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात.

या रोगाचे वर्णन १८८६ साली जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी केले. त्याचा जंतू जपानी संशोधक इनादा आणि इदो यांनी प्रथम महायुद्धाच्या काळात शोधून काढला. महाराष्ट्रास या रोगाची कटू ओळख आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्या माणसांत पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. कोकणात भाताच्या चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांनाही हा रोग गाठतो.

कुत्र्याचा याच्याशी संबंध दुहेरी आहे. तो डबक्यातील पाणी पितो, उंदरामागे धावतो. म्हणून त्यास हा रोग होऊ शकतो. एकदा लागण झाली, की त्याच्याही मूत्रातून जंतू बाहेर पडतात, आणि घरात मुले असतील तर धोका त्यांच्यापर्यंत येतो. ताप, ओकाऱ्या, खाण्यावरची वासना जाणे, डोळे व हिरड्या पिवळ्या पडणे ही कुत्र्यातील लक्षणे होत. माणसात एकाएकी ताप भरतो, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. पुढे कावीळ होऊ शकते. वेळीच प्रतिजैविके दिली, तर रोग बरा होतो. म्हणून पावसाळ्यात घरचा कुत्रा पिवळा पडलेला दिसला, तर त्याला पशुवैद्याकडे न्यावेच. शिवाय घरातील कोणास ताप आला, तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराची आणि चिखलातील कामाची माहिती अवश्य द्यावी. कुत्र्यास दरवर्षी देता येणारी लस उपलब्ध आहे. पिण्याचे स्वच्छ पाणी ओसरीवरच ठेवणे, चिखलात पायांत गमबूट घालणे, कुत्र्याने घाण केलेली जागा हातमोजे घालून साबणाने व जंतुनाशकाने धुणे, हे उपाय साधे आहेत.

ओसरीच्या भिंतीतील शत्रू

गोचीड हा दमट हवेचा दुसरा सोबती. कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली, की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत किंवा दाराच्या चौकटीआड जाऊन हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. त्याच्या झोपण्याच्या जागेच्या आसपासच्या फटी लिंपून घ्याव्या लागतात, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढावे लागते. या गोचिडीतून कुत्र्याच्या रक्तात शिरणारे सूक्ष्म जीव ताप आणि रक्तक्षय घडवितात. अंगावरची गोचीड बोटांनी चिरडू नये, तिला काडीने चटकाही देऊ नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी.

पावसात आणखी एक पाहुणा येतो: रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा. तो वळचणीला उभा राहतो आणि घरच्या कुत्र्याशी त्याची झटापट होते. रेबीजचा विचार या वेळी मनात असलाच पाहिजे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलास प्रथम लस टोचली. म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या निलगिरीतील कुन्नूर येथे १९०७ साली पाश्चर संस्था उभी राहिली. आज लस सर्वत्र मिळते. तरीही हा रोग एकदा प्रकट झाला, की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. घरच्या कुत्र्यास वेळच्या वेळी लस टोचून घ्यावी. माणसास चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाऊस पडत आहे म्हणून उद्यावर टाकू नये.

एका ताटातील अन्न

या विभागातील शेतकरी घरांत नाचणीचा गोळा हे रोजचे अन्न आहे, आणि त्यातलाच थोडा भाग ताकात कालवून कुत्र्यापुढे ठेवला जातो. नाचणीचे बारीक दाणे साठवणीत चांगले टिकतात. मक्याची गोष्ट निराळी. मक्याचे कणीस पावसात सापडले किंवा ओलसरच कणगीत भरले, तर त्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढते. बुरशी लागलेला मका माणसे बाजूला काढतात, आणि ‘कुत्र्याला चालेल’ असे म्हणून त्याच्या थाळीत टाकतात. येथेच मोठी चूक होते.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मरण पावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती. तिने निर्माण केलेल्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर आघात करते, आणि नेहमीच्या स्वयंपाकाच्या आचेने ते पुरते नाहीसे होत नाही.

आपल्या देशात याचा दारुण प्रत्यय १९७४ च्या अखेरीस आला. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत मक्याच्या काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. गरीब आदिवासी कुटुंबांपाशी दुसरे धान्य नव्हते. त्यांनी तोच भिजलेला मका साठविला आणि तोच खाल्ला. शेकडो माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. शंभराच्या घरात माणसे दगावली. हा साथीचा नेहमीचा कावीळ रोग असावा, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटले असते. परंतु त्याच घरांतील उष्टे अन्न खाणाऱ्या कुत्र्यांतही तीच कावीळ आणि तोच जलोदर दिसत होता. हा पुरावा बोलका होता. माणसांचा संसर्गजन्य कावीळ रोग कुत्र्यांना असा होत नाही. तेव्हा दोषाचे मूळ दोघांच्या सामाईक अन्नात असले पाहिजे, याकडे त्याने बोट दाखविले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मक्याची तपासणी केली आणि त्यात अफ्लाटॉक्सिन सापडले.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. जे अन्न आपणास घातक, ते कुत्र्यासही घातक. बुरशी लागलेले धान्य कोणाच्याच थाळीत जाता कामा नये. मका कडक वाळवूनच साठवावा, कणगी जमिनीपासून उंचावर ठेवावी. आणि विकत आणलेले कुत्र्याचे कोरडे खाद्यही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून लवकर संपवावे.

पिरियापट्टणसारख्या तंबाखूच्या प्रदेशात आणखी एक सावधगिरी हवी. पावसाने घरात कोंडलेला कुत्रा कंटाळून दिसेल ते चघळतो. तंबाखूतील निकोटिन हे त्यास विष आहे. लाळ गळणे, ओकारी, अंग थरथरणे ही त्याची लक्षणे. तंबाखूची पाने, विड्या आणि शेतीची औषधे त्याच्या तोंडास लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत.

कोंडलेले दिवस

कुत्र्याचा हा कंटाळा खरा असतो. रोजचे फिरणे बंद झाले, की तो भुंकतो, दार ओरबाडतो. यावर उत्तम उपाय त्याच्या नाकापाशीच आहे. मनुष्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात असतात. भाकरीचे चार तुकडे घरात निरनिराळ्या ठिकाणी लपवावेत आणि त्यास शोधू द्यावेत. पंधरा मिनिटांचा हा शोध त्याला चांगला दमवितो, आणि मुलांचाही वेळ आनंदात जातो.

गडगडाटाची भीती हाही पावसाळ्यातील एक प्रश्न आहे. काही कुत्रे मेघगर्जना ऐकून थरथर कापतात, पलंगाखाली शिरतात. अशा वेळी मारू नये किंवा बाहेर ओढू नये. भीतीस शिक्षा हा उपाय नव्हे. खिडक्या लावून घ्याव्यात, त्याला हवा तो कोपरा मिळू द्यावा आणि शांतपणे जवळ बसावे. वादळात त्यास अंगणातील खांबास किंवा झाडास बांधून ठेवणे तर कटाक्षाने टाळावे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

घरी कुत्रा असल्यास हा प्रयोग करून पाहावा. एक कोरडे पंचे तराजूत तोलून घ्यावे. कुत्रा पावसातून आला की त्यास मनसोक्त अंग झटकू द्यावे, मग त्या पंचाने त्याचे अंग पुसावे आणि पंचे पुन्हा तोलावे. वजनातील फरक म्हणजे टिपले गेलेले पाणी. त्यास ग्रॅममध्ये मांडून ५८० ने गुणले, की कुत्र्याच्या अंगावर वाळताना त्या पाण्याने किती कॅलरी उष्णता शोषली असती, ते कळेल. दाट केसांच्या व आखूड केसांच्या कुत्र्यांची तुलना वहीत लिहून ठेवावी. शेवटी हात साबणाने धुवावेत, हे सांगावयास नकोच.

अशा रीतीने पाहिले, तर ओसरीवरील तो ओला कुत्रा पावसाळाभर आपणास कितीतरी गोष्टी सांगत असतो. त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा अंगणातील पाण्याविषयी किंवा कणगीतील मक्याविषयी बोलतो. त्याच्या कातडीवरची गोचीड भिंतीतील फटींविषयी. त्यास वाचा नाही, म्हणून त्याच्याकडे रोज पाहिले पाहिजे. संध्याकाळी दिवे लागले, की पागोळ्या गळत असताना पाच मिनिटे त्याच्यापाशी बसावे. कान पाहावेत, पाय पुसावेत, थाळीतील अन्न हुंगून पाहावे. त्या पाच मिनिटांत कुत्र्याचीच नव्हे, तर सबंध घराची पाहणी होऊन जाते.